जे नंतर बसवता येत नाही

पुण्याभोवती पन्नास-साठ किलोमीटरच्या परिघात जेवढ्या देखण्या छोट्या गाड्या तयार झाल्या, तेवढ्या देशात फार थोड्या ठिकाणी झाल्या असतील. १९९८ साली लोकांसमोर आलेली इंडिका पिंपरीची. फोक्सवॅगनची पोलो २०१० ते २०२२ अशी बारा वर्षे चाकणला तयार होत होती. फियाटची पुंटो रांजणगावची, शेवरोलेची बीट तळेगावची, आणि टाटांची अल्ट्रोझ पुन्हा पुण्याचीच. यांतली अल्ट्रोझ सोडली तर बाकीच्या आज नव्या मिळत नाहीत. जुन्या गाड्यांच्या बाजारात मात्र या सगळ्या आहेत, शिवाय स्विफ्ट, बलेनो, जॅझ, आय-ट्वेंटी, टियागो, फिगो आहेतच. लग्नाला चार-पाच वर्षे झालेली, घरात एक लहान मूल असलेली, चार-पाच लाखांच्या आत बसवू पाहणारी जोडपी या गर्दीत शिरतात, तेव्हा त्यांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कोणी ॲव्हरेज सांगतो, कोणी रिसेल, कोणी ‘शोरूम कंडिशन’. माझे म्हणणे या तिन्हींपेक्षा वेगळे आहे. जुन्या बाजारात देखणेपण जवळजवळ फुकट मिळते, तेव्हा त्याची चिंता करू नये. पैसे मोजायचे ते फक्त अशा गोष्टींसाठी, ज्या गाडी घेतल्यावर कितीही खर्च केला तरी बसवून मिळत नाहीत.

देखणेपण फुकट मिळते, याचे कारण घसाऱ्यात आहे. मोटार विम्याच्या हिशेबात गाडीची किंमत ठरवण्याचे एक कोष्टक आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरात आहे. गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत ५ टक्के घसारा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, आणि पाचव्या वर्षाच्या अखेरीस ५० टक्के. बाजारभाव या कोष्टकाला तंतोतंत धरून चालत नाही, पण कल तोच असतो. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्या गाडीचे सर्वांत वरचे मॉडेल घ्यायला एखाद्याने हौसेने जादा दोन-अडीच लाख मोजले, त्या हौसेची किंमत आज सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त उतरलेली असते. अलॉय व्हील, दोन रंगांचे छत, मोठा स्क्रीन, धुक्यातले दिवे यांसाठी जुन्या बाजारात फारसे कोणी वेगळे पैसे देत नाही. आपल्याकडच्या हॅचबॅक गाड्या आकारानेही एकमेकींच्या जवळ आहेत. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली, तेव्हापासून कंपन्यांनी सारे कौशल्य त्या चार मीटरांत पणाला लावले. त्यामुळे पेठांतल्या बोळात किंवा सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये कोणती मावेल हा प्रश्न राहत नाही. मावतात सगळ्याच.

देखणेपणाला कमी लेखावे असे मला वाटत नाही. जी वस्तू पुढची सात-आठ वर्षे रोज डोळ्यांसमोर असणार आहे ती आवडावी, ही अपेक्षा रास्त आहे. आवडणारी गाडी माणूस वेळेवर सर्व्हिसिंगला नेतो, पावसाळ्यापूर्वी तपासून घेतो, ओरखडा आला तर बुजवतो. मुद्दा एवढाच, की बाहेरून दिसणाऱ्या बहुतेक गोष्टी नंतर करता येतात. सीट कव्हर, स्क्रीन, मागचा कॅमेरा, चांगले टायर, बंपरचा रंग ही सारी कामे गाडी घरी आल्यावर, बोनस मिळाला की एकेक करून होऊ शकतात. ज्या होत नाहीत त्या गोष्टी वेगळ्या आहेत. पत्र्याच्या आतला सांगाडा, एअरबॅग, एबीएस, मुलाची सीट अडकवायचे आयसोफिक्स हुक, मागच्या सीटवरची जागा, डिकी, इंजिनाचा दम आणि गाडीचा इतिहास. या यादीतले एकही काम कोणत्याही गॅरेजमध्ये होत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा चाकणच्याच गाडीने दिला आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवून पाहिल्या. अल्टो ८००, नॅनो, आय-टेन, फिगो आणि पोलो. एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. पण त्यात एक फरक होता. पहिल्या तिघींचा सांगाडाच धक्का सोसू शकला नाही, तर फिगो आणि पोलोचा टिकून राहिला. मग दोन एअरबॅग असलेली पोलो त्याच पद्धतीने आदळवली, तर तिला चार तारे मिळाले. कंपनीने त्यानंतर एअरबॅग नसलेली पोलो विकणेच बंद केले. रस्त्यावरून जाताना या दोन पोलो ओळखू येत नाहीत. रेषा तीच, रंग तेच, दार बंद होतानाचा आवाजही तोच. जुन्या बाजारात त्यांच्या किमतीतला फरकही थोडासाच असतो. पण आत बसलेल्या माणसाच्या दृष्टीने एक शून्यावर आहे आणि दुसरी चारवर. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये स्विफ्टच्या एअरबॅग नसलेल्या मॉडेललाही शून्यच तारे मिळाले. तेव्हा २०१९ पूर्वीची कोणतीही गाडी पाहताना ‘कोणती कंपनी’ हा प्रश्न नंतरचा आहे, ‘कोणते मॉडेल’ हा आधीचा. एलएक्सआय की झेडएक्सआय, ट्रेंडलाइन की हायलाइन, यावर सारे अवलंबून असते.

याच कारणाने मी गाडी शोधणाऱ्याला कंपनी निवडण्यापूर्वी एक तारीख लक्षात ठेवायला सांगेन. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस आणि १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा इशारा, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. ऑक्टोबर २०१९ पासून आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेलांनाही समोरून आणि बाजूने आदळण्याची चाचणी पार करणे बंधनकारक झाले. शेजारच्या सीटची एअरबॅग सर्व गाड्यांत सक्तीची व्हायला मात्र २०२१ चे वर्ष संपावे लागले. म्हणून २०१९ च्या उत्तरार्धात किंवा त्यानंतर तयार झालेली आणि दोन एअरबॅग असलेली गाडी, ही माझ्या मते कुटुंबासाठी किमान पातळी आहे. इथे नोंदणीची तारीख पाहून फसू नये. डिसेंबर २०१८ मध्ये तयार झालेली गाडी ऑगस्ट २०१९ मध्ये पासिंग झालेली असू शकते. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष वेगळे छापलेले असते, तेच धरायचे.

यावर पहिला आक्षेप असा, की पुण्याच्या वाहतुकीत गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे जातच नाही, मग एवढी सुरक्षितता कशाला. कर्वे रस्त्यापुरते हे खरे असेलही. पण कुटुंब गाडी घेते ते कर्वे रस्त्यासाठी नाही. शनिवारी संध्याकाळी ती साताऱ्याला, कोल्हापूरला, ताम्हिणीतून कोकणात, एक्स्प्रेसवेवरून मुंबईला निघते. शहराच्या हद्दीतही कात्रजचा नवा बोगदा ते नवले पूल हा उतार आहेच. तिथे अवजड वाहनांचे ब्रेक निकामी होऊन झालेले अपघात पुणेकरांना नवे नाहीत. नोव्हेंबर २०२२ मध्ये एकाच अवजड वाहनाने तिथे डझनावारी गाड्या ठोकरल्या. आपला वेग किती, हे आपल्या हातात असते. मागून येणाऱ्याचा नसतो. शिवाय चाचणीतले ताशी ६४ किलोमीटर म्हणजे काही शर्यतीचा वेग नव्हे. बाह्यवळण मार्गावर तो सर्वसाधारण वेग आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्यांच्याकडे अडीच-तीन लाखच आहेत त्यांनी काय करायचे? आज ते नवरा-बायको आणि मूल स्कूटरवरून फिरतात. शून्य ताऱ्यांची जुनी गाडीसुद्धा त्या स्कूटरपेक्षा मुलासाठी सुरक्षित नाही का? आहे, आणि हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पुण्यासारख्या दुचाकींच्या शहरात पावसाळ्यात, खड्ड्यांतून, मध्ये बसवलेल्या मुलासह होणारा प्रवास थांबत असेल, तर कोणतीही धडकी गाडी ही सुधारणाच आहे. पण म्हणून माझा मुद्दा खोटा ठरत नाही, उलट कमी पैशांत तो जास्त लागू होतो. तीन लाखांत २०१४ ची मोठी, चकाकणारी प्रीमियम हॅचबॅक मिळते आणि तेवढ्यातच थोड्या नंतरची, लहान, साध्या रूपाची टियागोही शोधली तर मिळते. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत दोन एअरबॅगच्या टियागोला प्रौढांसाठी चार आणि मुलांसाठी तीन तारे मिळाले होते. तेवढ्या पैशांत मी लहान आणि अलीकडची गाडी घ्यायला सांगेन. तेही जमत नसेल, तर जुनी पण वरच्या मॉडेलची, दोन एअरबॅगची. या खालच्या पायरीवर टोयोटाची एटिओस लिवा ही दुर्लक्षित गाडी आहे. तिला २०१६ च्या चाचणीत चार तारे होते. दिसायला ती साधी, म्हणूनच मागणी कमी. मात्र टॅक्सीसाठी वापरलेली आणि नंतर खासगी करून घेतलेली लिवा टाळावी. आरसीचा इतिहास काढला की ते कळते.

ताऱ्यांबद्दल एक खबरदारी इथेच सांगायला हवी. २०२२ च्या मध्यात ग्लोबल एनकॅपने चाचणीचे निकष कडक केले, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. त्यामुळे २०२० चे चार तारे आणि आजचे चार तारे एका मापाचे नाहीत. जुन्या गाड्यांची तुलना जुन्याच निकषांवर, त्याच काळातल्या दुसऱ्या गाडीशी करायची. त्या मापाने पाहिले, तर जानेवारी २०२० च्याच निकालात अल्ट्रोझला पाच तारे होते, २०२२ च्या सुरुवातीच्या निकालात जॅझला चार, आणि २०१८ च्या चाचणीत स्विफ्टला दोन.

हे आकडे जुन्या बाजारातल्या भावांशेजारी ठेवले की एक विचित्र गोष्ट दिसते. ज्या गाडीला तारे कमी, तिलाच बहुधा भाव जास्त. विक्रेते याला ‘रिसेल’ म्हणतात आणि तो गुण म्हणून सांगतात. नवी गाडी घेणाऱ्यासाठी तो गुण आहेच, पण जुनी घेणाऱ्यासाठी त्याचा अर्थ उलटा होतो. जिची किंमत टिकते ती गाडी तुम्हाला महाग पडते. पुढे विकताना जास्त मिळेल हे खरे, पण आत्ता खिशातून जास्त गेलेलेच असतात, आणि कर्ज काढले असेल तर त्या जादा रकमेवर व्याजही. जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नव्या गाडीपेक्षा सहसा चढाच असतो. सात-आठ वर्षे गाडी वापरणार असाल तर शेवटी रिसेलमधला फरक थोडासाच उरतो. मारुतीच्या बाजूने एक गोष्ट मात्र नाकारता येत नाही. सुटे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात आणि कोणताही मेकॅनिक गाडी उघडतो. ज्यांची नोकरी बदलीची आहे, ज्यांना वर्षातले काही महिने मराठवाड्यातल्या किंवा कोकणातल्या गावी गाडी न्यावी लागते, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचे आहे. त्यांनी दोन एअरबॅगची बलेनो पाहावी. पुण्यातच राहणाऱ्याला हा आधार तितका लागत नाही. इथे सगळ्या कंपन्यांची केंद्रे आहेत.

देखण्या गाड्यांवरचा खरा आक्षेप सुट्या भागांचाच आहे, आणि तो नीट सोडवला पाहिजे, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. मॉडेल बंद होणे वेगळे आणि कंपनीने देश सोडणे वेगळे. पोलो बंद झाली, पण फोक्सवॅगन चाकणमध्येच आहे. भाग महाग पडतात, मिळत नाहीत असे नाही. जॅझ २०२३ मध्ये बंद झाली, पण तिचे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन होंडाच्याच अमेझमध्ये चालू आहे. शेवरोलेने २०१७ अखेर इथली विक्री थांबवली, आणि तळेगावचा तो कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. पुंटोची कहाणी आणखी बोधक आहे. तिचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन रांजणगावला तयार होत असे, आणि त्याच जातीचे इंजिन परवान्याखाली स्विफ्टमध्येही होते. त्यामुळे पुंटोचे इंजिन दुरुस्त करणारा आजही सापडतो. अडते ते हेडलाइट, दार, डॅशबोर्ड, काच यांपाशी. पुंटोचा साचा इटालियन डिझायनर जुजारोच्या हातून घडलेला, आजही वळून पाहावे असे तिचे रूप आहे, आणि नेमका तोच भाग तुटला तर मिळणे अवघड. लहान मूल असलेल्या घराला एका हेडलाइटसाठी महिनाभर गाडी गॅरेजमध्ये ठेवणे परवडत नाही. ज्याच्याकडे दुसरी गाडी आहे आणि हौस आहे, त्याने पुंटो जरूर घ्यावी. एकच गाडी असणाऱ्या कुटुंबाने घेऊ नये. फिगोच्या बाबतीत मी थोडा मऊ आहे, कारण कंपनीने ग्राहकसेवा चालू ठेवण्याची हमी दिली आहे. पण घासाघीस करताना हा धोका किमतीतून वजा झालाच पाहिजे.

आता मुलाचा विचार. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेल्या कलम १९४-ब प्रमाणे चौदा वर्षांखालचे मूल सीटबेल्टने किंवा मुलांच्या खास सीटने बांधलेले नसेल, तर चालकाला १००० रुपये दंड होतो. दंड बाजूला ठेवला तरी मांडीवर घेतलेले मूल धडकेच्या क्षणी कोणाच्याही हातात राहत नाही, हे भौतिकशास्त्र आहे. म्हणून गाडी पाहायला जाताना मुलाची सीट सोबत न्यावी. मागच्या सीटची पाठ आणि बैठक जिथे मिळतात त्या फटीत बोटे घालून आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या लागतात का, ते पाहावे. तान्ह्या मुलाची सीट मागे तोंड करून बसवायची असते आणि ती फार जागा खाते. ती बसवल्यावर पुढच्या सीटवर उंच माणसाचे गुडघे मावतात का, हे विक्रेत्याच्या दारातच तपासावे. ही सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर कधीही बसवू नये. दार किती उघडते यालाही महत्त्व आहे. अल्ट्रोझची दारे जवळजवळ काटकोनात उघडतात. झोपलेले मूल उचलून ठेवताना कंबरेला त्याचा फरक कळतो. डिकीचे आकडे बोलके आहेत. जॅझ ३५४ लिटर, अल्ट्रोझ ३४५, पहिल्या पिढीची बलेनो ३३९. स्विफ्ट २६८ आणि टियागो २४२. पहिल्या तिघींत घडीची बाबागाडी आणि दोन बॅगा एकत्र जातात, शेवटच्या दोघींत एकीला घरी ठेवावे लागते. सीएनजीचा प्रश्नही इथेच सुटतो. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर रनिंग असेल तर सीएनजीने पैसे वाचतात, पण एका मोठ्या टाकीने डिकी संपते. जुन्या गाडीत बाहेरून बसवलेले किट आरसीवर नोंदलेले आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो चाचणी झाली आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इंजिनाचा दम सपाट रस्त्यावर कळत नाही. पुणेकराला त्यासाठी लांब जावे लागत नाही, जुना कात्रज घाट आहे. चार माणसे बसवून, एसी चालू ठेवून तो चढून पाहावा. अल्ट्रोझचे साधे १.२ लिटरचे पेट्रोल इंजिन इथे संथ वाटते आणि तीन सिलिंडरची थरथरही जाणवते. सुरक्षितता आणि जागा एवढी चांगली असलेल्या या गाडीची ही उणीव आहे, ती आधीच माहीत असावी. डिझेलबद्दल माझे मत स्पष्ट आहे. घर-कार्यालय-पाळणाघर एवढेच रोजचे फेरे असतील तर डिझेल घेऊ नये. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा डिझेलमध्ये धूर गाळणारा फिल्टर असतो, आणि छोट्या-छोट्या फेऱ्यांत तो साफ होण्याइतका तापतच नाही. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल आले आहे. २०२३ पूर्वीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी घडवलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच अशा चारचाकींचे ॲव्हरेज सरासरी ६ ते ७ टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते. म्हणून विक्रेता सांगेल ते ॲव्हरेज धरू नये, त्यातून एवढे वजा करूनच महिन्याचा खर्च काढावा.

इतिहास हीसुद्धा नंतर बदलता न येणारी गोष्ट आहे, आणि फसवणूक सर्वांत जास्त इथेच होते. पुण्यात पाण्यात गेलेल्या गाड्यांचा प्रश्न खरा आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी बुडाली. दोन्ही वेळा पार्किंगमधल्या गाड्या पाण्यात गेल्या. अशी गाडी धुऊन, वाळवून, सुगंध फवारून विकता येते, पण वायरिंगमध्ये शिरलेले पाणी वर्षभराने बोलते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, तळाशी चिखलाची रेघ राहते. मॅटखाली हात घालावा, सीटच्या रुळांवर गंज आहे का पाहावे, स्टेपनीच्या खळग्यात डोकवावे. ठोकलेली गाडी ओळखायला दारांचे रबर बीडिंग ओढून पिलरवरचे कारखान्याचे वेल्डिंगचे ठिपके सलग आहेत का, बोनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला आहे का, सगळ्या काचांवरचे वर्ष एकच आहे का, हे पाहतात. आणि एअरबॅग? चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझायला हवा. तो लागलाच नाही, तर कोणीतरी दिवाच काढून टाकला आहे असे समजावे; एकदा फुटलेली एअरबॅग महाग असते म्हणून नवी न बसवता गाडी विकली जाते. ज्या गोष्टीसाठी आपण वर्ष आणि मॉडेल निवडले, तीच आत नसली तर सगळा हिशेब फुकट. मीटर मागे केला आहे का, हे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या नोंदींवरून कळते. त्या दाखवायला जो मालक कां-कूं करतो त्याची गाडी सोडून द्यावी. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांच्यासाठी तिकडची एनओसी, इथली पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स हे सारे धरले की स्वस्ताई बहुतेक संपते. एमएच-१२ किंवा एमएच-१४ पासिंगचीच गाडी पाहणे सोपे.

कोणी विचारील, एवढी उस्तवार करण्यापेक्षा नवीच का घेऊ नये? २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, पूर्वी उपकरासह तो लहान पेट्रोल गाडीवर २९ टक्के होता. ज्याला मासिक हप्ता झेपतो त्याने सहा एअरबॅगची नवी छोटी गाडी घेणे शहाणपणाचेच आहे, त्याला मी जुन्याकडे वळवणार नाही. पण रोख चार लाख आणि घराचा हप्ता आधीच चालू असलेल्या कुटुंबाला तो पर्याय नाही. त्यांनी या करकपातीचा उपयोग वेगळ्या रीतीने करावा. नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीचीही उतरलीच पाहिजे. विक्रेता कपातीच्या आधीच्या किमतीवरून घसारा मोजत असेल, तर त्याला आजच्या नव्या किमतीपासून मोजायला लावावे. ठरलेल्या किमतीखेरीज दहा-पंधरा टक्के रक्कम टायर, बॅटरी, क्लच आणि पहिल्या सर्व्हिसिंगसाठी हातात राखून ठेवावी. टायरवर चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष छापलेले असते. पाच-सहा वर्षांचा टायर कितीही नक्षीदार दिसला तरी बदलायचाच.

शेवटी कागद. टोकन देण्यापूर्वी परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीचा कितवा मालक, बँकेचा बोजा, विमा, पीयूसी आणि थकलेले चलन हे पाहून घ्यावे. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. नाव ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का, हेही पाहावे. ‘नाव नंतर करू’ हे वाक्य दोघांनीही ऐकून घेऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केले आहे की अपघाताच्या भरपाईच्या बाबतीत आरसीवर ज्याचे नाव तोच मालक, मधल्या काळात गाडी कितीही हातांतून गेलेली असो. विकणाऱ्याला यामुळे घाई असायला हवी, आणि घेणाऱ्याला विम्यामुळे. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. तो जुन्या मालकाच्या नावावरच राहिला, तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे विमा कंपनी त्या सवलतीतला फरक मागते. ती रक्कमही आधीच हिशेबात धरलेली बरी.